मोबाईलमधून न निघणारा सूर

"काहून बे, बास कोणाले ऐकू येते? मोबाईलवर तं येतच नाही." बास गिटार (खालच्या सुरांची, जाड तारांची गिटार) शिकतोय म्हटलं की नागपुरात हे वाक्य हमखास येतं, आणि बोलणारा अगदीच चुकीचं बोलतोय असंही नाही, अर्धं बरोबर आहे. मोबाईलच्या स्पीकरमधून बासचा मूळ सूर खरंच निघत नाही. तरी तो ऐकू येतो. हा उरलेला अर्धा भाग मला त्या वाद्यापेक्षाही जास्त आवडतो, म्हणून आज त्याच्यावरच.

आधी करून बघा. फोनवर टोन जनरेटरचं एखादं फुकटचं अ‍ॅप टाका, त्यात ४१ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं) भरा, साधी साइन वेव्ह, म्हणजे एकाच वारंवारतेची, आवाज फुल. जवळपास काहीच ऐकू येणार नाही. आता बास वाजवणाऱ्या कोणाकडून तरी सगळ्यात जाड, मोकळ्या ई तारेचं रेकॉर्डिंग मागवा (ई हे पाश्चात्त्य सुराचं नाव, ही तार ४१.२ हर्ट्झला लावलेली असते) आणि त्याच फोनवर लावा. आता येतं ऐकू! किरटं, पातळ, पोट नसलेलं, पण सूर तोच, वरच्या सप्तकातला नाही, तोच खालचा. शंका असेल तर हेडफोन लावून परत ऐका, आवाज भरदार होईल पण सूर जागचा हलणार नाही.

म्हणजे ४१ हर्ट्झ एकटा दिला तर फोन गप्प, आणि तारेवरून आलेला दिला तर बोलतो. हे कसं काय?

फोन गप्प का, ते सोपं आहे. स्पीकरचा पडदा मागेपुढे हलून हवा ढकलतो. तेवढाच आवाज एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या वारंवारतेला हवा असेल तर पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. ३३० हर्ट्झवरून ४१ वर यायचं म्हणजे तीन सप्तकं खाली, चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्टपट. फोनमधला नखाएवढा पडदा एवढा हलणार कुठून, म्हणून साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली तो पार बसतो. वरातीतल्या डीजेच्या गाडीवर कपाटाएवढे बॉक्स रचलेले असतात ते हौस म्हणून नाही, खालच्या सुरांसाठी तेवढी हवा हलवावीच लागते. (बाजारात ज्या छोट्या डब्यांवर हजारो वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, छापलेलं असायचं त्या आकड्यावर मात्र जाऊ नका, तो आकडा फक्त खोक्यावर राहतो.)

आता तार. तार छेडली की ती नुसती अख्खीच्या अख्खी हलत नाही हे शाळेत झालंय. ती दोन भागांत हलते, तीन भागांत हलते, चार भागांत हलते, सगळं एकाच वेळी. त्यामुळे मोकळ्या ई तारेतून ४१.२ सोबत ८२.४, १२३.६, १६४.८, २०६, २४७.२ असे पटीतले सूर निघत असतात, यांना हार्मोनिक म्हणतात. बासची तार चांगली लांब असते. लिओ फेंडरने १९५१ मधे जो प्रिसिजन बास बाजारात आणला त्याच्या तारेची मोकळी लांबी ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बास त्याच मापाचे निघतात. चार तारा ई, ए, डी, जी, म्हणजे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ, साध्या गिटारच्या जाड चार तारांच्या बरोबर एक सप्तक खाली.

यात एक गंमत अशी की मूळ ४१.२ तारेतूनच कमी घेतला जातो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याची गुंडाळी, त्याच्या वर तार हलली की गुंडाळीत वीज तयार होते, फॅरेडेचा नियम, दहावीचा. आता पिकअप ब्रिजच्या (तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या) जवळ असतो आणि ब्रिजपाशी अख्खी तार मिळून जे मोठं हलणं आहे ते अगदी थोडं असतं, दोन-तीन भागांतलं हलणं त्यामानाने जास्त असतं. शिवाय पिकअपला तार किती सरकली याच्याशी घेणंदेणं नाही, किती वेगाने सरकली ते तो मोजतो, म्हणजे वरच्या हार्मोनिकांना आणखी झुकतं माप. समजा ब्रिजपासून तारेच्या एक पंचमांश अंतरावर बोटाने छेडलं आणि एक दशांशावर पिकअप आहे, तर आदर्श तारेचं गणित मांडून बघा, ८२.४ वाला दुसरा हार्मोनिक ४१.२ वाल्या पहिल्याच्या दीडपट निघतो. तिसरासुद्धा पहिल्यापेक्षा मोठा! म्हणजे ज्याच्या नावाने आपण त्या सुराला ई म्हणतो, तोच तिथे बारका आहे.

ब्रिजचं निघालं म्हणून सांगतो. तारेला जिथे छेडलं तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू येतो तो हार्मोनिक वाजू नये असा जुना नियम, पण तानपुऱ्यात घोडीवर जवारीचा दोरा लावला की तो नियम मोडतो हे सी. व्ही. रमण यांनी १९२१ मधे दाखवलं. रमण १९१० मधे सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरात होते, वर्षाच्या आत बढती मिळून कोलकात्याला गेले. रमण विज्ञान केंद्रात पोराटोरांना घेऊन जाताना हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

असो. फोनमधून ४१ निघत नाही, ८२ निघत नाही, १२३ पण जवळपास नाही. हवेत येतात ते २०६, २४७, २८८, ३३० आणि त्यांच्या वरचे. कानात शिरतंय ते एवढंच, तरी डोक्यात ४१ वाजतो. कारण हे सगळे आकडे ४१.२ च्या पटीत आहेत. पाचवीतला मसावि आठवा, मेंदू साधारण तेच काढतो. पाचपट, सहापट, सातपट, आठपट असं एकत्र ऐकलं की तो म्हणतो यांचा मूळ धनी ४१ आहे, आणि आपल्याला तो सूर ऐकवून मोकळा होतो. लाटांच्या भाषेत सांगायचं तर या सगळ्या लाटांची बेरीज केली की ती बरोबर दर २४.३ मिलिसेकंदाला स्वतःची पुनरावृत्ती करते, आणि ४१.२ हर्ट्झचा घटक काढून टाकला तरी ही पुनरावृत्ती तितकीच राहते.

याच्यावर भांडणं झाली आहेत, साधी नाही. १८४१ मधे झेबेक नावाच्या जर्मन माणसाने भोकं पाडलेली चकती फिरवून तिच्यावर हवा फुंकून सूर काढले आणि दाखवलं की मूळ घटक फार दुबळा असला तरी सूर त्याचाच ऐकू येतो. त्याला विरोध कोणी केला तर ओहमने, तोच, व्होल्टेज आणि करंटवाला. ओहमचं म्हणणं कान प्रत्येक घटक वेगळा मोजतो, जो घटक नाही तो ऐकू येणार नाही, झेबेकचा भास झाला. पुढे हेल्महोल्ट्झसारखा मोठा शास्त्रज्ञ ओहमच्या बाजूने उभा राहिला आणि झेबेक मागे पडला. १९४० च्या आसपास नेदरलँड्समधे स्खौटेन नावाच्या संशोधकाने तो विषय परत उकरला.

तरी एक पळवाट होतीच, की कानाच्या आतच काहीतरी विकृती होऊन खरोखरचा ४१ तयार होत असेल, मेंदूचं काही नाही. ती १९५४ मधे लिकलायडर नावाच्या संशोधकाने बंद केली. त्याने खालच्या वारंवारतांचा गोंगाट सोबत वाजवला, म्हणजे तिथे खराखुरा खालचा सूर असता तर तो त्या गोंगाटात बुडाला असता. सूर बुडाला नाही. आपल्याकडे साधारण हाच प्रयोग मार्च ते जून घरोघरी चालू असतो, कूलर घोंघावत असतो, खालचं सगळं त्याच्यात दबलेलं असतं, आणि तरी टीव्हीवरच्या गाण्यातला बास कळतो.

मग १९७२ मधे हाउट्समा आणि गोल्डस्टाइन यांनी शेजारशेजारचे दोन हार्मोनिक घेतले आणि एक फक्त डाव्या कानात, दुसरा फक्त उजव्या कानात सोडला. एका कानात एकच सूर, त्यातून एकट्याने कुठल्याच कानाला मूळ सूर काढता येणार नाही. तरी लोकांना मूळ सूर ऐकू आला. म्हणजे दोन्ही कानांकडचं जिथे एकत्र येतं, तिथे मेंदूतच हे होतं. मला हा प्रयोग फार भारी वाटतो, एवढ्या साध्या सामानात एवढी मोठी गोष्ट.

आता थोडं जड आहे, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. तीन सूर घ्या, १८००, २००० आणि २२०० हर्ट्झ. ऐकू येतो २००. कोणी म्हणेल मेंदू नुसती वजाबाकी करतो. म्हणून तिघांनाही ४० ने वर सरकवा, १८४०, २०४०, २२४०. वजाबाकी अजून २०० च. मसावि काढाल तर ४० येतो. आणि ऐकू काय येतो? साधारण २०४! ना वजाबाकी, ना मसावि. २०४ ची नऊपट १८३६, दहापट २०४०, अकरापट २२४४, म्हणजे मेंदू असा एक आकडा शोधतोय की ज्याच्या पटी दिलेल्या सुरांना जास्तीत जास्त जवळ बसतील. ऐकतो म्हणण्यापेक्षा अंदाज लावतो. हे तो नक्की करतो कसं, आतल्या कानातल्या शंखामधल्या ३५ मिलिमीटरच्या पडद्यावर कुठे कुठे कंपनं झाली त्या जागांवरून की श्रवणतंतूंच्या ठोक्यांच्या वेळेवरून, यावर शास्त्रज्ञांचे आजही दोन तट आहेत, आणि बहुधा दोन्ही थोडंथोडं. २००५ मधे मार्मोसेट माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या खरा मूळ सूर आणि गायब मूळ सूर दोघांनाही सारखाच प्रतिसाद देतात, म्हणजे हे फक्त आपल्यापुरतं नाही.

लँडलाइनवर बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा तोही याच कारणाने. जुना टेलिफोन ३०० हर्ट्झच्या खालचं पुढे पाठवतच नव्हता, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १२० च्या आसपास. तरी कोणी फोनवर बाईसारखं बोलतंय असं वाटलं नाही.

हर्ट्झचा विषय निघाला की कोणीतरी "४३२ हर्ट्झ ऐका, विश्वाची वारंवारता, आजार बरे होतात" असला फॉरवर्ड टाकतोच. बाप्पा! अहो, हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती वेळा, आणि सेकंद माणसाने ठरवला, दिवसाचे ८६,४०० तुकडे करून. विश्वाला आपल्या सेकंदाशी काय घेणं? आज वाद्यं ए सूर ४४० ला लावतात ते १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलं, त्याच्या आधी फ्रान्सने १८५९ मधे कायद्याने ४३५ ठरवला होता, सगळा सोयीचा मामला. ४४० आणि ४३२ मधला फरक एका अर्ध्या सुराच्या एक तृतीयांशाएवढा. आणि आपल्याकडे तर गाणाऱ्याचा सा ज्याचा त्याचा असतो, हजारो मैफली झाल्या, आकड्यावरून कोणाचं काही अडलं नाही.

डीजेच्या बासने घर हादरतं ही तक्रार मात्र खरी आहे, तिथला बास मेंदूने बनवलेला नसतो, तो खरा असतो. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरच्या वर लांब, नागपुरातल्या महाल भागातल्या गल्लीचं वळण तिला अडवत नाही, खिडकीची तावदानं सरळ हलतात. आणि आवाज मोजतात तो डीबी-ए मापात, ज्यात ४० हर्ट्झला चौतीस-पस्तीस डेसिबल वजा धरतात कारण तिथे कान मंद असतो. म्हणून तावदानं थरथरतायत आणि मीटरवरचा आकडा त्यामानाने गरीब, असं होतं.

शिकणाऱ्यांसाठी यातून दोन-तीन कामाच्या गोष्टी निघतात. फोनच्या ट्यूनरला (सूर जुळवायच्या अ‍ॅपला) मोकळी ई तार सापडत नसेल, काटा नुसता नाचत असेल, तर बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) बरोब्बर वर बोट नुसतं टेकवून तार छेडा, ८२.४ वाला हार्मोनिक मोकळा वाजतो आणि काटा पटकन थांबतो. ई तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे जी, ४९ हर्ट्झ, आणि आपल्या विजेची गुणगुण ५० ची, त्यामुळे पिकअप सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) असेल आणि अर्थिंग धड नसेल तर नेमका हाच सूर घाण वाटतो, बोट वाईट पडलं म्हणून डोकं धरून बसू नका, आधी प्लग बघा.

पाच तारांचा बास घेऊ का असं पोट्टे विचारतात. पाचवी तार बी, ३०.९ हर्ट्झ. घरातला छोटा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) तो सूर देणारच नाही, तुम्ही ऐकाल ते हार्मोनिकांवरून बांधलेलं. तार नवी असेल तर ठीक. पण तारेच्या वेटोळ्यांमधे घाम आणि मळ साचला की आधी वरचे हार्मोनिक मरतात, मेंदूला पटी जुळवायला काही उरत नाही, आणि बी नुसती गुरगुरते, सूर कोणता ते कळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हाताला घाम किती येतो ते सांगायला नको. वाजवून झालं की सुती कपड्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा. बासच्या तारा स्वस्त नसतात, त्यामुळे मेलेला सेट लगेच फेकू नका, काढून स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा (नायलॉनचं आवरण किंवा कोटिंग असलेल्या सोडून), मग गंज धरणार नाही असं खडखडीत वाळवा. थोडे दिवस बऱ्या वाजतात. पातेलं दुधाचं घेऊ नका.