सुंगटांची सालं, सुती कापड आणि साबणाची आडकाठी

‘नैसर्गिक, ९९.९ टक्के जंतूंचा नाश’ अशी चिठ्ठी लावलेले सुती कपडे हल्ली बरेच दिसतात. चिठ्ठी खोटीच असेल असं नाही, पण कापड किती वेळा धुतल्यानंतरचा हा आकडा, ते तीवर क्वचितच लिहिलेलं असतं. कडुलिंबाचा किंवा हळदीचा अर्क सुतात नुसता मुरवला, तर धुता धुता निघून जातो. हळदीतलं कुर्क्युमिन तर उन्हातही विरतं. असं कापड ‘त्वचारोग बरे करतं’ म्हणून कोणी विकत असेल, तर सरळ पुढच्या दुकानात जावं.

गोव्याच्या पावसाळ्यात मात्र प्रश्न खराच आहे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आणि कपडे दोन-दोन दिवस दोरीवर दमट. त्यांच्या कुबट वासामागे मोराक्झेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. जिवाणूंना रोखणारा एक पदार्थ ज्यापासून बनतो, ती सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, सालं आपण रोज कचऱ्यात टाकतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सालातला चुना काढायचा, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिनं. उरतं ते कायटिन. ते ४० ते ५० टक्के कॉस्टिकमध्ये १०० अंशांच्या आसपास शिजवलं की कायटोसान, म्हणजे जिवाणूंना रोखणारा तो पदार्थ. हा उद्योग घरी करू नये, तयार पूड मिळते.

कायटोसानची करामत त्याच्या अमाइन गटांत, म्हणजे नायट्रोजन असलेल्या अणुगटांत, आहे. आम्लात हे गट प्रोटॉन घेतात आणि धनप्रभारित होतात. जिवाणूचं बाह्य आवरण ऋणप्रभारित असतं. ग्रॅम-निगेटिव्ह (बाहेरून आणखी एक पडदा असलेल्या) जिवाणूंमध्ये ते मॅग्नेशियम, कॅल्शियमच्या आयनांनी सांधलेलं असतं. कायटोसानची साखळी त्या आयनांना हुसकावून स्वतः चिकटते, आवरण सैल होतं, आतला ऐवज झिरपतो.

या गटांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट प्रभारित असतात तो आकडा, साधारण ६.५. (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त.) म्हणजे पीएच ६.५ला निम्मे गट प्रभारित, ५.५ला दहांतले नऊ, आणि साबणाच्या ९.५ला हजारात एक! घाम बहुधा आम्लधर्मी असतो, त्यामुळे अंगावर घातलेल्या कापडात प्रभार परत येतो. पण डिटर्जंटचे ऋणप्रभारित सल्फोनेट रेणू त्या जागांवर ठाण मांडून बसले, तर जिवाणूला जागाच उरत नाही, आणि व्हिनेगरने खळबळूनही ते हटत नाहीत. म्हणून असं कापड नॉन-आयॉनिक, म्हणजे प्रभार नसलेल्या, सौम्य द्रवातच धुवावं.

कायटोसानचा लेप कापडावर टिकवायला सायट्रिक आम्ल लागतं. आधी खळ आणि सुतातलं मेण काढा: लिटरमागे ५ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून कापड पाऊण तास उकळा, नीट खळबळा. पाण्याचा थेंब लगेच पसरला नाही, तर पुन्हा उकळा. मेण राहिलेल्या जागी लेप बसत नाही. मग लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम सायट्रिक आम्ल, त्यात कमी रेणुभाराचं कायटोसान १० ग्रॅम. रात्रभर ढवळत ठेवा, सकाळी मलमलीतून गाळा. साध्या पाण्यात ही पूड विरघळतच नाही, गुठळ्या होतात. शेवटी आम्लाची जोडणी घडवायला मदत म्हणून ३० ग्रॅम सोडियम हायपोफॉस्फाइट. कापड बुडवून इतकं पिळा, की १०० ग्रॅमचं १८० ग्रॅम भरेल. ८० अंशांवर वाळवा, मग १६० अंशांवर ३ मिनिटं भाजा. या उष्णतेत सायट्रिक आम्ल एका हाताने सूत धरतं, दुसऱ्याने कायटोसान. नंतर कोमट पाण्यात धुवून उरलेलं आम्ल काढा.

भाजणी कमी पडली तर लेप दोन-तीन धुण्यांत उतरतो. जास्त झाली तर कापड पिवळं पडतं आणि आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, मग कापड ताणल्याबरोबर फाटतं. इस्त्री इथे कामाची नाही. सुतीच्या खुणेवर ती २०० अंशांच्या घरात जाते आणि उष्णता सारखी लागत नाही. कायटोसान २ टक्क्यांवर नेलं तर कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं.

गोव्याच्या पारंपरिक सुती कुणबी साडीवर हा प्रयोग करायचा, तर आधी चिंधीवर करून पाहा. नैसर्गिक रंग सोड्याच्या उकळीत उतरू शकतात, आम्लात छटा बदलू शकतात.