‘काय करणार?’ या प्रश्नामागचा इतिहास

आठवी ब, पाचवा तास. शेवटच्या बाकावरचा मुलगा पाय पसरून बसलेला. ‘वही काढ’ म्हटलं तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘नाही आणली. काय करणार?’ वर्ग हसला. मी फळ्याकडे वळलो, हातातला खडू दोनदा मोडला. त्या दिवशी घरी आल्यावर कुणाशी बोलावंसंच वाटेना.

शिक्षकांच्या खोलीत अशा वेळी एकच सूर निघतो: पूर्वी असं नव्हतं. पण पूर्वी काय होतं, हे एकदा नीट आठवायला हवं. पंतोजीच्या शाळेत अंगठे धरून ओणवं उभं करत, छडी तर रोजचीच. ‘चामडं लोळवा, पण शहाणा करा’ असं आईबापच सांगून जात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. त्या शांत वर्गांना आदराचे वर्ग म्हणणं मला जमत नाही. तो धाक होता.

मास्तरांचा मान हा प्रश्नही आजचा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये पगार मागितला होता. नांगर धरायची लाज न वाटणारा शिक्षक त्यांना हवा होता. शिवाय गावचे हिशेब तपासणं, टपाल सांभाळणं अशी कामं त्याच्याकडे दिली तर गावात त्याची पत वाढेल, असंही त्यांनी सुचवलं. त्या काळी ते बरोबरच होतं. लिहितावाचता माणूस गावात विरळा, त्याच्या सहीला वजन. आज तीच जास्तीची कामं आमचा वेळ आणि पत दोन्ही खातात.

छडी कायद्याने गेली ती १ एप्रिल २०१० पासून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. मी या कलमाच्या बाजूने आहे, शंभर टक्के. त्याच कायद्याने तेव्हा आठवीपर्यंत नापास करणंही थांबवलं. मुलांच्या बाजूने पाहिलं तर यातही तथ्य होतं. पण हात रिकामे झालेल्या शिक्षकाला दुसरं काय दिलं? चिडलेल्या मुलाशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण, शाळेत समुपदेशक, लहान तुकडी, यातलं फार थोडं शाळेपर्यंत पोचलं. ‘काय करणार?’ या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं, आणि हे त्या मुलाला ठाऊक होतं.

उलट होतं ते काढून घेतलं गेलं. २००० साली शिक्षण सेवक योजना आली: पहिली तीन वर्षं नुसत्या मानधनावर. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला २०२३ पर्यंत महिना ६,००० रुपयेच मिळत, मग ते १६,००० झाले. गावाला हे आकडे माहीत असतात, मुलांनाही. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण ‘निवडणुका’ या एका शब्दात मतदार याद्यांचं घरोघरचं काम मावलं. त्यात खिचडीचे हिशेब, पोर्टलवरची माहिती, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आजच पाठवा’ म्हणून आलेले तक्ते यांची भर. ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी घोषणा देत शिक्षक मोर्चे काढतात, ही मागणी मला अजूनही हलवून सोडते.

या थकव्याला शास्त्राने नाव दिलं ते वर्गाबाहेर. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांबद्दल लिहिताना ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी केली, तिला तीन बाजू: मन आटणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडं होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो आजार न मानता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था मानली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दोष एकट्या शिक्षकाच्या मनात शोधायचा नाही, हे त्यात मान्य झालं. मधल्या बाजूला आपल्याकडे ‘पाट्या टाकणे’ म्हणतात. ‘मी हल्ली पाट्या टाकतो’ असं एखादा जीव ओतून शिकवणारा सहकारी म्हणू लागला, की मला काळजी वाटते.

त्या मुलाकडे मी पुढच्या रविवारी गेलो. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, घरात आजी आणि धाकटी बहीण. आजीने कोरा चहा दिला. पोरगं दाराआड उभं राहून ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी वही नव्हतीच, पण पाय बाकाखाली होते, आणि मी विचारल्यावर त्याने मान वर करून ‘नाही सर’ म्हटलं. मग वही मीच दिली.

गेल्या दोन वर्षांत असं कुणाच्या घरी जाणं मला तीनदाच जमलं. एरवी रविवार मतदार याद्यांचा असतो.