रासायनिक सूत्रातील संदिग्धता

अपुऱ्या किंवा चुकीच्या लिहिलेल्या सूत्रावरून मुळातले संयुग ओळखण्याचा प्रश्न. सूत्राचा अर्थ अक्षरांइतकाच त्यांच्या लहानमोठेपणावर, ओळीखालच्या अंकांवर, कंसावर आणि टिंबावर ठरतो. साध्या टंकलेखनात नेमके हेच आधी गळते.

मोरचुदाचे सूत्र सीयूएसओ४·५एच२ओ. टिंब गळाले की ‘एसओ४५’ असे वाचता येते. पण ऑक्सिजनचे पंचेचाळीस अणू कोणी मानणार नाही, त्यामुळे ही चूक तशी निरुपद्रवी. खरी घातक चूक स्फटिकजल, म्हणजे स्फटिकात बांधलेले पाणी, मुळीच न लिहिण्याची. निर्जल पांढऱ्या भुकटीत तांबे सुमारे ४० टक्के, निळ्या मोरचुदात सुमारे २५ टक्केच. सूत्र निर्दोष दिसते आणि द्रावणाचे माप बिघडते.

कंस गळाला तर संयुजा, म्हणजे अणूची वा गटाची दुसऱ्याशी जुळण्याची क्षमता, मदतीला येते. चुन्याच्या निवळीसाठी ‘सीएओएच२’ लिहिलेले आढळले, तर कॅल्शियमचा प्रभार +२ आणि हायड्रॉक्साइडचा −१ यांवरून शेवटचा २ संपूर्ण ओएच गटाचा आहे हे उघड होते. लोहाच्या बाबतीत हा उपाय थिटा पडतो. लोहाचे डायक्लोराइड आणि ट्रायक्लोराइड दोन्ही असल्याने क्लोरीनपुढचा अंक पुसला गेल्यास प्रभाराचा हिशेब निवाडा देत नाही. मग रंग, कृती, मागचापुढचा मजकूर पाहावा लागतो.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत. म्हणून मराठी पाठ्यपुस्तकांतही संज्ञा रोमन लिपीतच छापतात. या नोंदीतल्यासारखे नुसते ‘सीओ’ लिहिले, तर तो कोबाल्ट धातू की विषारी कार्बन मोनॉक्साइड, हे कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकात घोळ लेखनाचा नव्हता, अणुभारांचाच होता. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा एकेकच अणू धरला; त्याला आधार होता तो साधेपणाच्या गृहीतकाचा. साहजिकच ऑक्सिजनचा अणुभार आजच्या निम्म्याहूनही कमी निघाला. पुढे अणुभारांच्या वेगवेगळ्या पद्धती शेजारीशेजारी चालल्या. जर्मन रसायनज्ञ केकुलेने १८६१ च्या आपल्या ग्रंथात एकट्या ॲसेटिक आम्लाची १९ सूत्रे नोंदवली आहेत. आदल्याच वर्षी जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील रसायनज्ञांच्या परिषदेत इटालियन रसायनज्ञ कानिझारोने ॲव्होगाड्रोच्या कल्पनेवर (समान तापमान व दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते) आधारलेले अणुभार पुढे मांडले होते. ते हळूहळू रूढ झाले.

अचूक रेणुसूत्रही कधी अपुरे ठरते. सी२एच६ओ हे इथेनॉलचे तसेच डायमिथाइल ईथरचेही सूत्र आहे: पहिले ७८° से. ला उकळते, दुसरे −२४° से. लाच.