शेवटचे दहा मीटर

धावपट्टीच्या कडेचा विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, ताठ आडवा होतो, दोन सेकंदांनी लुळा पडतो, पुन्हा ताठ होतो. उतरणाऱ्या छोट्या विमानाला जोराच्या पण एकसारख्या वाऱ्यापेक्षा ही धरसोड जास्त भोवते.

कारण विमान पेलतं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर. चार जणांचं सेसना 172 घ्या. जगात याहून जास्त संख्येनं दुसरं विमान बनलेलं नाही. पूर्ण भरलं तरी वजन साडेअकराशे किलोच्या आसपास. उतरायला येताना हवेतला वेग साधारण 62 नॉट, म्हणजे ताशी 115 किलोमीटर. समोरचा वारा 25 नॉटवरून एकदम 15 वर आला, तर जडत्वामुळे विमानाचा जमिनीच्या हिशोबातला वेग आहे तोच राहतो, पण हवेतला वेग 52 वर येतो. पंखांची लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारा जोर, या वेगाच्या वर्गावर ठरते. गणित केलं तर तीस टक्के लिफ्ट क्षणात गेलेली असते. 140 नॉटनं उतरणाऱ्या प्रवासी जेटची तेवढ्याच फरकानं चौदा टक्के जाते.

हे तीनशे मीटरवर घडलं तर नाक थोडं खाली घ्यायला, इंजिनाला जोर द्यायला वाव असतो. दहा मीटरवर तो नसतो. म्हणून झोतामुळे वाऱ्याच्या वेगात जेवढा फरक पडतो, त्याच्या निम्मा वेग वैमानिक जादा ठेवतात. इथे 5 नॉट. त्याहून फार वाढवला तर विमान टेकायचं नाव घेत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं आणि पुढच्या झोताला आयतं सापडतं.

वारा बाजूनं असेल तर काम आणखी अवघड. नदी ओलांडताना नावाडी नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसं विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून यायचं. पण टेकण्याआधी रडरनं, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूनं, ते धावपट्टीच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडचा पंख जरा खाली दाबायचा. नेमक्या त्याच क्षणी झोत आला तर चाकं तिरकी घासत टेकतात आणि विमान गर्रकन फिरू शकतं.

सगळ्यात घातक मला वाटते ती उसळी. विमान आपटून वर उडालं की घाबरलेला हात नाक खाली दाबतो. मग नाकाखालचं चाक आधी आदळतं, पुढची उसळी आणखी मोठी होते, आणि दोन-तीन उसळ्यांत ते चाक मोडून नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो. पहिल्याच उसळीला पूर्ण इंजिन देऊन पुन्हा वर जाणं, म्हणजे गो-अराउंड, हा त्यावरचा खात्रीचा उपाय. त्यात कमीपणा कसला? शिकाऊ वैमानिकाच्या मनातून ही लाज पहिल्या आठवड्यातच काढून टाकायला हवी.

चाकं टेकली तरी पंखांवरून हवा वाहतच असते. वेग उतरतो तसं एलिरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वाऱ्याच्या बाजूला जास्त वळवावं लागतं, नाहीतर त्या बाजूचा पंख उचलला जातो. उभं राहिल्यावरही सेसनाचे दोन्ही पंख आणि शेपूट दोरानं जमिनीतल्या कड्यांना बांधतात.