वीरगळ

वीरगळ : युद्धात, गुरांचे रक्षण करताना किंवा गावावर आलेल्या हल्ल्यात मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिल्पांकित शिळा. महाराष्ट्रात देशावर आणि कोकणात, तसेच गोव्यात, अशा शिळा गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारावर, शिवमंदिराच्या आवारात, तळ्याकाठी व घाटवाटांच्या तोंडाशी आढळतात. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. त्यावरून हा शब्द आला हे बहुतेकांना मान्य आहे. गुजरातेत अशा स्मारकांना पाळिया म्हणतात. मंदिराच्या भिंतीवरील शिल्प त्या वास्तूचा भाग असते. वीरगळ मात्र उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर राहावा म्हणूनच उभा केलेला असतो. त्या अर्थाने मध्ययुगीन महाराष्ट्रातील गावाचे सार्वजनिक शिल्प कोणते, असे विचारल्यास पहिले नाव वीरगळाचेच घ्यावे लागेल.

रचना : वीरगळ खालून वर वाचायचा असतो. आडव्या पट्ट्यांनी शिळेचे तीन किंवा चार चौकोन पाडलेले असतात. सर्वांत खाली वीर धारातीर्थी पडलेला दिसतो. गोधनाच्या रक्षणात मृत्यू आला असल्यास शेजारी गुरांची रांग असते. त्यावर प्रत्यक्ष लढाई. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गाकडे नेतात. शेवटच्या चौकटीत तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला असतो आणि पलीकडे पुजारी असतो. माथ्यावर कलश, त्याच्या दोहो बाजूंस चंद्र आणि सूर्य, म्हणजे कीर्ती आचंद्रार्क टिको. काही ठिकाणी शिवलिंगाच्या जागी अन्य देवता किंवा जिनप्रतिमा येते. त्यावरून वीराचा संप्रदाय ओळखता येतो.

महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळ बेसाल्टचे आहेत. दगड कठीण आणि कोरीव उठाव उथळ, त्यामुळे भर दुपारी शिल्प सपाट वाटते. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर तिरका प्रकाश पडला की घोड्याचा लगाम, ढालीची कड, अप्सरेचा अंबाडा असे तपशील सुटे दिसू लागतात. मूर्तिकाराचे नाव जवळजवळ कधीच नसते. वीराचे नावही क्वचितच असते. कर्नाटकातील सलेख वीरगळांच्या तुलनेत महाराष्ट्रातील शिळा बहुतांशी मुक्या आहेत. कालनिर्णयातील सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

उगम व प्राचीनता : दक्षिण भारतात स्मृतिशिळांची परंपरा महाराष्ट्रातील उपलब्ध वीरगळांपेक्षा कितीतरी जुनी आहे. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील पुलिमानकोम्बै येथे सापडलेल्या तमिळ-ब्राह्मी लेखांच्या शिळा सामान्यतः इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतील मानतात आणि त्यांतील एका लेखात गुरे पळविण्याच्या प्रसंगाचा उल्लेख आहे. आंध्र प्रदेशातील नागार्जुनकोंड्याचे इक्ष्वाकुकालीन छायास्तंभ (मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले खांब) साधारण तिसऱ्या-चौथ्या शतकांतले. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील शिळा राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याच्या काळातील (इ. स. ९४९-५०) असून ती रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याच्या स्मरणार्थ आहे. वीरपद माणसापुरतेच नव्हते याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. महाराष्ट्रातील चौकटींचा प्रगल्भ नमुना शिलाहार व यादव काळात, म्हणजे ढोबळमानाने अकराव्या ते तेराव्या शतकांत स्थिरावलेला दिसतो. त्यानंतरही शिळा उभारल्या गेल्या, पण कोरीवकाम ओबडधोबड होत गेले.

या परंपरेचा पशुपालक समाजाशी असलेला संबंध जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी विशेष आग्रहाने मांडला. गुरे हेच धन असलेल्या समाजात गोग्रहण (गुरे पळवून नेणे) आणि त्याचा प्रतिकार हे युद्धाचे मूळ रूप, आणि त्यात पडलेला वीर पुढे देवपदाला पोचतो, ही त्यांची मांडणी डोंगराळ व अवर्षणग्रस्त पट्ट्यातील शिळांना चांगली लागू पडते. किनाऱ्यावरील शिळांना ती तितकीशी लागू पडत नाही.

याच विचारसूत्रातून पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीचे मूळ वीरगळात असावे असे मत पुढे आले. फ्रेंच अभ्यासक गी देल्यूरी यांनी १९६० साली ते मांडले. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचे आद्य रूप गवळी-धनगरांच्या देवात शोधले, मात्र त्यांचा भर लोकदैवताच्या उन्नयनावर आहे. कटीवर हात ठेवून उभी, निःशस्त्र, एकटी मूर्ती आणि लढाईच्या चौकटींनी भरलेली शिळा यांत रूपसाम्य फारसे नाही; त्यामुळे पशुपालकांशी असलेला संबंध मान्य करूनही वीरगळाचा दुवा अनुमानाच्या पातळीवरच ठेवणे बरे.

एकसरचे वीरगळ : मुंबईत बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर येथील शिळा महाराष्ट्रातील सर्वांत चर्चिलेल्या आहेत. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्यांचे चौकटवार वर्णन आहे : तळ्याच्या काठी ओळीने सहा शिळा, चार मोठ्या व दोन लहान, मोठ्या सुमारे दहा फूट उंच. काहींवर भूमीवरील युद्ध आहे, काहींवर नौकायुद्ध. नौकायुद्धाच्या चौकटीत उंच डोलकाठीची, टोकदार नाळीची जहाजे एकामागोमाग एक पुढे सरकतात. बाजूला वल्ह्यांची एकच रांग आणि वर धनुर्धर. मध्ययुगीन कोकणातील लढाऊ जहाजांचे इतके तपशीलवार चित्रण विरळा, म्हणून नौकानयनाच्या इतिहासातही या शिळांचा दाखला दिला जातो.

हे युद्ध कोणते, याविषयी मतभेद आहेत. गॅझेटियरकारांचा कल अकराव्या-बाराव्या शतकांकडे आहे. पुराभिलेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मात्र या शिळांचा संबंध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव (कारकीर्द १२६१-७१) यांच्या सुमारे १२६५ मधील संघर्षाशी जोडला. हेमाद्रीच्या राजप्रशस्तीत महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रातील वडवानल बरा असे मानून सोमेश्वर सागरात बुडाला, अशा अर्थाचे काव्यमय वर्णन आहे. जमिनीवरील लढाई, हत्ती आणि मग जहाजे हा शिळांवरील क्रम त्या हकिगतीशी जुळतो, हा मिराशींच्या मताचा मुख्य आधार. तो आकर्षक आहे. मराठी लेखनात आज हेच मत रूढ झाले असून अनेकदा ते सिद्ध झाल्यासारखे सांगितले जाते. परंतु हेमाद्री हा विजयी पक्षाचा मंत्री, आणि प्रशस्तीतील वडवानल हा काव्यसंकेत. शिवाय गोव्याचे कदंब व शिलाहार यांच्यातही बाराव्या शतकात संघर्ष झाले होते. दोघांनाही समुद्र परका नव्हता. राजाचे नाव सांगणारा लेख हाती नसताना केवळ जहाजांवरून साल ठरविणे धाडसाचे होईल. शैलीचा विचार करता शिळा बाराव्या-तेराव्या शतकांतील असाव्यात, एवढेच म्हणता येते. पराभूत पक्षाच्या वीरांसाठी, राज्य बुडाल्यावर, इतक्या खर्चिक शिळा कोणी उभारल्या, या प्रश्नाकडे वरील मत मांडणाऱ्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

अन्य स्थळे : सातारा जिल्ह्यात वाईजवळील किकली येथे भैरवनाथ मंदिराच्या परिसरात वीरगळांचा मोठा समूह आहे. बारामती तालुक्यातील लोणी भापकर, रतनगडाच्या पायथ्याचे रतनवाडी येथील अमृतेश्वर मंदिर ही आणखी काही ठिकाणे. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ व सतीशिळा असून त्यांतही नौकायुद्धाचे अंकन आढळते.

वीरगळासारख्या दिसणाऱ्या इतर शिळांशी त्याची गल्लत होते. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा हात असतो. तोच पती-पत्नीच्या संयुक्त शिळेवर वीरगळाच्या चौकटींसह येतो. गाय-वासराचे अंकन असलेला धेनुगळ आणि शापवचनाचा गधेगाळ या दानाचे रक्षण करणाऱ्या शिळा आहेत, स्मारके नव्हेत.

लोकव्यवहार : गावात वीरगळ नुसता पाहिला जात नाही, तो पुजला जातो. कोणाचा तो विसरले तरी शेंदूर, तेल, नारळ चालू राहतो. कुठे तो मारुती ठरतो, कुठे म्हसोबा, कुठे नुसताच ‘वीर’. नाशिकमध्ये धुळवडीला निघणाऱ्या वीरांच्या मिरवणुकीत बाशिंग बांधलेला दाजीबा वीर असतो. या प्रथेचा शिळांशी थेट संबंध दाखविता येत नसला, तरी मृत वीराला घरच्या देवांत बसविण्याची वृत्ती एकच आहे. उलट, पूजेत नसलेल्या शिळा पायरीला, ओट्याला, धुण्याच्या दगडाला लागल्या. शेंदराच्या थराखाली कोरीवकाम बुजते हे खरे, पण धुण्याच्या दगडावर ते झिजून जाते. अभ्यासकांनी शेंदराला दोष देताना ही बाब लक्षात घ्यावी.

गेल्या काही दशकांत मंदिरांच्या जीर्णोद्धारात पुष्कळ शिळा मूळ जागेवरून हलल्या. आवारात एका ओळीत, सिमेंटच्या चौथऱ्यावर त्या बसविल्या जातात. त्या वाचतात, पण वेशीवरची की रणभूमीवरची, हा पुरावा जातो, आणि तळाची चौकट अनेकदा सिमेंटमध्येच गाडली जाते. तालुक्या-तालुक्यांतील दुर्गप्रेमी व इतिहासप्रेमी मंडळींनी अलीकडे शिळा शोधून त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम हाती घेतले आहे. साफसफाईला साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. तारेचा ब्रश, आम्ल किंवा ऑइलपेंट वापरल्याने उथळ उठाव कायमचा नष्ट होतो, आणि झीज लपविण्यासाठी खडूने वा पिठाने रेषा ठळक करण्याची पद्धतही टाळावी, कारण त्या रेषा अनेकदा पाहणाऱ्याने कल्पिलेल्या असतात आणि छायाचित्रांतून पुढच्या लेखनात तशाच उतरतात.