स्टार्च हा साठा, सेल्युलोज हे बांधकाम

‘लाकूड जळतं, म्हणजे सेल्युलोज हाही झाडाचा ऊर्जासाठाच’ हे विधान पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं. ते चूक आहे; सेल्युलोज हा झाडाच्या पेशींच्या भिंतींचा मुख्य घटक. जळून उष्णता देणं वेगळं आणि झाडाला हवं तेव्हा परत काढता येणं वेगळं.

स्टार्च तर सगळ्यांना ठाऊक आहे. पानातला दिवसा हरितलवकात तयार होतो आणि रात्री मोडून त्याची साखर होते; बियांत, कंदांत तो पुढच्या वाढीसाठी टिकतो.

स्टार्चसारखंच सेल्युलोजही निव्वळ ग्लुकोजचंच बनलेलं असतं. सूत्र तेच, आणि ग्रॅममागे उष्णताही जवळपास तितकीच, सुमारे १७ किलोज्यूल. फरक आहे तो जोडणीत. स्टार्चमधले ग्लुकोज अल्फा बंधांनी जोडलेले, त्यामुळे साखळी वळत वळत सर्पिल होते. त्यातल्या अमायलोपेक्टिन या प्रकाराला तर फांद्या असतात, म्हणजे विकरांना (साखळी तोडणाऱ्या एन्झाइमांना) एकाच वेळी अनेक टोकांवर काम करता येतं. सेल्युलोजमध्ये बंध बीटा, दर दुसरं ग्लुकोज उलटं बसलेलं, म्हणून साखळी सरळसोट. अशा कितीतरी साखळ्या शेजारी शेजारी हायड्रोजन बंधांनी आवळल्या जातात आणि चिवट तंतू तयार होतो. त्यात विकरांना शिरकावच अवघड.

जागाही पाहा. स्टार्च पेशीच्या आत, लवकात राहतो. सेल्युलोज पेशीपटलावर तयार होऊन बाहेर, भित्तिकेत म्हणजे पेशीच्या भिंतीत घातलं जातं. झाड दीर्घकाळ अंधारात ठेवलं तर स्टार्च संपतो आणि ते उपाशी मरतं. भित्तिकेतलं सेल्युलोज मात्र तसंच राहतं. सेल्युलोज तोडणारी विकरं वनस्पतींकडेही असतात, पण ती पान गळताना देठाशी भित्तिका सैल करण्यासारख्या कामांना. पोट भरायला नाही.

‘स्टार्च पचतो, सेल्युलोज पचत नाही’ ही व्याख्या तर मला मुळीच पटत नाही. ती माणसाच्या आतड्याची गोष्ट झाली. गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज मोडतात, म्हणून काही ते गवताचा साठा ठरत नाही.

भित्तिकेत साठा कधीच नसतो, असं मात्र समजू नका. खजुराची बी इतकी टणक असते ती जाड भित्तिकांतल्या मॅननमुळे, आणि रुजताना कोंब तेच मॅनन वापरतो. पण मॅनन म्हणजे सेल्युलोज नव्हे. ते मुख्यतः मॅनोज या दुसऱ्याच साखरेचं बनतं.