डेबियन टाकू की उबुंटू?

दोन्ही लिनक्स, दोन्हीत एपीटी (सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन), पॅकेजचा, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचा, फॉरमॅट पण एकच, डेस्कटॉप पण बऱ्यापैकी तोच ग्नोम. मग लोक भांडतात कशावरून? फरक आहे तो सॉफ्टवेअर आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने येतं त्यात.

डेबियन १९९३ मध्ये इयान मर्डॉकने सुरू केलं. तिथे कुठल्याही प्रोग्रॅमचं नवीन व्हर्जन आधी 'अनस्टेबल'मध्ये पडतं, थोडे दिवस कोणाला मोठा बग सापडला नाही की 'टेस्टिंग'मध्ये सरकतं, आणि मग साधारण दोन वर्षांतून एकदा टेस्टिंग फ्रीझ करतात, म्हणजे नवीन काही आत घ्यायचं नाही, नुसते बग मारत बसायचं, आणि ते झालं की स्टेबल रिलीज. उबुंटूवाले (२००४ पासून, मार्क शटलवर्थची कॅनॉनिकल कंपनी) त्याच अनस्टेबलमधून माल उचलतात पण दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरला. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. नेहमीच्या वापराला त्यातलं दर दोन वर्षांनी येणारं एलटीएसच (जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) घ्या, पाच वर्षं अपडेट मिळतात.

आता लॅपटॉप अगदी नवा असेल तर हे सगळं लगेच जाणवतं, कारण ड्रायव्हर बहुतेक कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, असतात आणि डेबियन स्टेबलचं कर्नल रिलीजनंतर त्याच सिरीजमध्ये राहतं, त्यामुळे नंतर बाजारात आलेली वायफाय चिप त्याला ओळखूच येत नाही. बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी वेगळी ठेवलेली नव्या व्हर्जनची पॅकेजं) नवं कर्नल मिळतं, पण ते उतरवायला आधी नेट लागतं ना! उबुंटू एलटीएसला अधूनमधून नवं कर्नल मिळत राहतं, म्हणून नव्या मशीनला मी उबुंटूच सांगेन. दोनचार वर्षं जुनं मशीन असेल तर मात्र डेबियन, डोळे झाकून. पूर्वी वायफायचं फर्मवेअर (चिप चालायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) वेगळं शोधावं लागायचं आणि लोक तिथूनच पळायचे, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.

उबुंटूत मला खटकतं ते स्नॅप, कॅनॉनिकलची एपीटीपेक्षा वेगळी पॅकेज पद्धत. एपीटीने फायरफॉक्स मागवला तरी २२.०४ पासून स्नॅपच गळ्यात पडतो. डेबियनमध्ये साधं पॅकेज मिळतं, पण ईएसआर (फायरफॉक्सचं जास्त काळ सपोर्टवालं व्हर्जन), म्हणजे नवी फीचर्स उशिरा, सिक्युरिटी फिक्स मात्र वेळेवर.

आणि हो, भावंडं आहेत म्हणून उबुंटूचे पीपीए (एपीटीला बाहेरून जोडायचे पॅकेजचे साठे) डेबियनला जोडू नका, लायब्ररींची व्हर्जनं जुळत नाहीत आणि पुढच्या अपग्रेडला सगळं अडकतं.